पुस्तकातली गाडी, पत्र्यातली गाडी

जुन्या गाडीचा व्यवहार ठरला की एजंट बोनेट उघडतो. मागच्या पत्र्यावरचा धुळीचा आणि तेलाचा थर फडक्याने पुसतो, तिथे ठोकलेल्या आकड्यांवर पातळ कागदाची पट्टी धरतो आणि पेन्सिल आडवी करून घासू लागतो. कागद काळा होत जातो आणि त्या काळ्यात एकेक अक्षर पांढरे उमटते. सतराच्या सतरा अक्षरे-आकडे आले की पट्टी फॉर्मवर डकवली जाते. आरटीओच्या आवारात याला चासी प्रिंट म्हणतात. मोबाइलवर नंबर टाकला की गाडीची माहिती समोर येते, अशा काळातही ही पट्टी टिकून आहे. कागदावरची गाडी आणि समोर उभी असलेली गाडी एकच आहे, एवढेच ती सांगते. जुन्या गाडीच्या बाजारात फसवणुकीचे बरेचसे प्रकार नेमके या दोन गाड्यांमधल्या फटीत घडत आले आहेत.

ही फट कशी पडली, हे पाहायचे तर गाड्यांच्या नोंदी कोणी आणि कशासाठी ठेवायला सुरुवात केली, तिथपर्यंत मागे जावे लागते. शंभर-सव्वाशे वर्षांत या नोंदी पोलिसांच्या सोयीसाठी झाल्या, कर वसूल करण्यासाठी झाल्या, कर्ज देणाऱ्याच्या रकमेच्या सुरक्षेसाठी झाल्या, विम्याच्या दाव्यांसाठी झाल्या. गाडी विकत घेणाऱ्याच्या मनातले प्रश्न वेगळे असतात. गाडी ठोकली होती का, पाण्यात बुडाली होती का, खरोखर किती चालली आहे? ते प्रश्न समोर ठेवून नोंदवही आखली गेली नाही. आजही खरेदीदार जी कागदपत्रे चाळतो, ती दुसऱ्यांच्या गरजेपोटी तयार झालेली असतात.

मोटारीच्या आधी हा प्रश्न जनावराच्या बाजारात होता. बैल घेणारा शेतकरी मालकाच्या शब्दावर वय मान्य करत नसे. तो बैलाचा ओठ वर करून दात पाहायचा. दुधाचे दात असतील तर आदत, मग दोनदाती, चारदाती, सहादाती आणि सगळे दात आले की जुळलेला. बैल चालवून पाहायचा, खुरांवरून हात फिरवायचा. घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहूनही खोड काढली जाई. या सगळ्या तपासणीत कागद कुठेच नव्हता. जनावराचा सगळा इतिहास त्याच्या अंगावर होता आणि तो वाचणारा माणूस शेजारच्या गावात सापडत असे. गाडी आली तेव्हा अंग वाचण्याची ही सवय गॅरेजमध्ये गेली, पण गाडीबरोबर एक नवी गोष्टही आली, ती म्हणजे नंबर.

ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कार कायद्याने प्रत्येक गाडीला नोंदणी क्रमांक सक्तीचा केला आणि १ जानेवारी १९०४ पासून तो लागू झाला. कारण साधे होते. धूळ उडवत भरधाव जाणाऱ्या गाडीचा मालक कोण, हे पोलिसाला कळले पाहिजे. पुढे १९२० च्या रस्ते कायद्याने तिथे गाडीचे लॉग बुक सुरू झाले. भारतभर लागू होणारा पहिला मोटार वाहन कायदा १९१४ चा. त्याची जागा १९३९ च्या कायद्याने घेतली आणि त्यातली तृतीय पक्ष विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. महाराष्ट्रातल्या जुन्या मोटारमालकांच्या कपाटात असायची ती दोन पुस्तके याच व्यवस्थेतून आली. एक आरसी बुक, म्हणजे नोंदणीचे, आणि दुसरे टीसी बुक, म्हणजे कर भरल्याचे. पहिल्यातून गाडी कोणाची हे पोलिसांना कळे, दुसऱ्यातून कर भरला की नाही हे सरकारला.

तरीही त्या आरसी बुकाचा खरेदीदाराला मोठा आधार होता. मालक बदलला की नवे नाव हाताने लिहून वर शिक्का बसे. आधीची नावे पुसली जात नसत. पाने उलटली की गाडी आधी एखाद्या कंपनीच्या नावावर होती, मग एका डॉक्टरच्या, मग एका व्यापाऱ्याच्या, हे दिसे. शहर बदलले तर कार्यालय बदलल्याची नोंद, कर्ज काढले तर वित्त कंपनीचे नाव आणि कर्ज फिटले तर ते रद्द केल्याचा शिक्का. पुढे पुस्तकाच्या जागी स्मार्ट कार्ड आले. कार्ड खिशात मावते, भिजत नाही, पण त्यावर नाव सध्याच्या मालकाचेच. आधीचे मालक कार्यालयाच्या संगणकात गेले आणि घेणाऱ्याच्या हातातली पाने गेली.

कर्ज देणाऱ्यांनी स्वतःची सोय लवकर केली. ब्रिटनमध्ये हप्त्याने गाड्या विकल्या जाऊ लागल्या तेव्हा हप्ते थकवून गाडी परस्पर विकण्याचे प्रकार वाढले. त्यावर उपाय म्हणून १९३८ मध्ये वित्त कंपन्यांनी एक सामाईक नोंदवही उभी केली. हायर पर्चेस इन्फर्मेशन हे तिचे नाव, आणि तिथे आजही जुनी गाडी घेण्यापूर्वी एचपीआय चेक करतात तो त्यातूनच आलेला. भारतात हेच काम आरसीवरच्या नोंदीने होते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५१ सांगते की आरसीवर ज्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव आहे, तिच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होणार नाही. बोजा चढवायला फॉर्म ३४, उतरवायला फॉर्म ३५ आणि बँकेचे ना हरकत पत्र. कर्ज फेडले पण बोजा उतरवायचा राहिला, अशा असंख्य गाड्या रस्त्यावर आहेत आणि विकायच्या वेळी मालकाची पळापळ होते ती याच कागदासाठी.

मुंबईच्या जुन्या गाड्यांच्या बाजाराला मात्र कित्येक वर्षे वेगळाच रंग होता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. त्याच गाडीचे नाव पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि मग प्रीमियर पद्मिनी झाले. कोलकात्याजवळ उत्तरपाड्यात हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर बने. परवान्यांचा काळ, उत्पादन मोजके आणि गाड्यांच्या वाटपावर व किमतीवर सरकारचे नियंत्रण. किंमत नियंत्रणाचा वाद तर प्रीमियर कंपनीने सर्वोच्च न्यायालयात नेला होता. नवी गाडी बुक करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्याला थांबायचे नसे, तो कुणाची तरी नुकतीच आलेली गाडी कारखान्याच्या भावापेक्षा जास्त पैसे मोजून घेई, वर ‘ऑन’ देऊन. वापरलेली गाडी नव्यापेक्षा महाग, अशा बाजारात घेणारा फार प्रश्न विचारत नसे. विचारले तरी उत्तर द्यायची विकणाऱ्याला गरज नसे.

त्या काळात गाडीचा इतिहास तपासणारा एकच माणूस होता, ओळखीचा मिस्त्री. त्याची पद्धत बैलबाजारातल्या जाणत्या माणसापेक्षा फार निराळी नव्हती. गाडी थंड असताना चालू करून पाहायची. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे, म्हणजे पिस्टन रिंगचे काम निघणार. ऑइलचे झाकण काढून पाहायचे, तिथून धुराचे झोत येत असतील तर अर्धे इंजिन खोलावे लागणार. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक दारांवरून आणि मडगार्डवरून फिरवायचे. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्यावर पुट्टी भरली आहे, म्हणजे गाडी ठोकलेली आहे. बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांचे बोल्ट पाहायचे. कारखान्यात रंगलेल्या बोल्टवर पान्याचा ओरखडा असेल तर तो भाग कधीतरी उतरवला आहे. रबराच्या पट्टीखाली दडलेली रंगाची कड, आतल्या अॅप्रनच्या पत्र्यावर पुन्हा मारलेले वेल्डिंग, डिकीच्या तळाला पडलेली सुरकुती, सगळे नजरेखालून जाई. मीटरवर मात्र मिस्त्रीचा भरवसा नसे. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुन्हा शून्य. त्यामुळे ४० हजार दाखवणारी गाडी ४० हजार चालली की १ लाख ४० हजार, हे पेडलचे रबर, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली कड आणि ड्रायव्हरच्या सीटची बसलेली गादी यांवरून ठरवावे लागे.

याच सुमारास या प्रश्नाने अर्थशास्त्रालाही एक मोठा विचार दिला आणि त्यात भारताचाही वाटा आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सरासरी गाडीचा भाव धरून बोलतो. त्या भावात चांगली गाडी विकणे मालकाला परवडत नाही, तो बाजारातून माघार घेतो, आणि उरतात त्या खराब गाड्या. तीन नामांकित नियतकालिकांनी नाकारल्यावर हा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. २००१ मध्ये अकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. निबंध प्रसिद्ध होण्यापूर्वी, १९६७-६८ मध्ये, ते दिल्लीत भारतीय सांख्यिकी संस्थेत होते. निबंधात भारतीय सावकारीचा विचार आहे आणि बाजारातून आणलेल्या तांदळातून मुद्दाम मिसळलेले, त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे वेचून काढणारी भारतीय गृहिणीही आहे. माहिती लपवणारा बाजार प्रामाणिक विकणाऱ्यालाही बुडवतो, हे त्यांनी दाखवले.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला मिळाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत भारतात जुन्या गाड्यांचा खरा बाजार तयार झाला. ज्या घरात आजवर स्कूटर होती, त्या घरात सेकंडहँड मारुती येऊ लागली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. राज्याची दोन अक्षरे आणि कार्यालयाचे दोन आकडे अशी नंबरांची नवी रचना आली. एमएच-०१ म्हणजे ताडदेव, एमएच-१२ म्हणजे पुणे, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर, हे पोराटोरांनाही पाठ झाले. चासीवर आणि इंजिनवर नंबरांसोबत उत्पादनाचा महिनाही कोरणे कारखान्यांना बंधनकारक झाले. जगभर मान्य असलेला सतरा अक्षरी क्रमांकही रुळला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्य यांच्याशी गोंधळतात. पहिली तीन अक्षरे कारखाना सांगतात. एमए३ म्हणजे मारुती सुझुकी, एमएटी म्हणजे टाटा, एमएएल म्हणजे ह्युंदाई. टाटाच्या गाडीवर एमए३ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर पुढे बोलण्याची गरजच उरत नाही.

नोंदणी पोलिसांच्या किती कामी येते, हे मुंबईने १९९३ मध्ये पाहिले. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांनंतर वरळीत एक मारुती व्हॅन बेवारस सापडली. तिच्या नंबरावरून पोलिस माहीमच्या अल-हुसैनी इमारतीपर्यंत पोहोचले आणि कटाचा पहिला धागा हाती आला. गाडी ज्या व्यक्तीच्या नावावर होती, खरोखर तिच्याच घरातून निघाली होती, म्हणून हे शक्य झाले.

बहुतेक जुन्या गाड्यांच्या बाबतीत तसे नसते आणि त्याचे कारण बाजारातच आहे. जितके मालक जास्त तितका भाव कमी. ‘फर्स्ट ओनर’ या दोन शब्दांसाठी घेणारा चार पैसे जास्त मोजतो. म्हणून गाडी विकत घेणारा दलाल ती स्वतःच्या नावावर करतच नसे. विकणाऱ्याकडून नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या घ्यायच्या, आरसी आणि किल्ली घ्यायची, पैसे द्यायचे आणि गाडी लॉटमध्ये उभी करायची. गिऱ्हाईक मिळाले की त्याचे नाव भरायचे. कधी ते गिऱ्हाईकही नावावर न करता पुढे विकून टाकी. कायद्याचे कलम ५० सांगते की राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत, परराज्यात ४५ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कार्यालयाला कळवले पाहिजे. प्रत्यक्षात गाडी तीन घरे फिरे आणि पुस्तकात पहिल्याच घरी उभी असे.

त्याचा फटका कोणाला बसतो, हे फेब्रुवारी २०१८ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने लख्ख दाखवले. एका मालकाने २००७ मध्ये गाडी विकली. मग ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, पण आरसीवरचे नाव तेच राहिले. २००९ मध्ये त्या गाडीचा अपघात झाला, त्यात एकाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची? न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात उत्तर स्पष्ट आहे. कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे नोंदणी ज्याच्या नावावर, तोच मालक. अपघातात सापडलेल्या माणसाने विक्रीच्या चिठ्ठ्या गोळा करत एकेका खरेदीदारामागे फिरायचे, हे न्यायालयाला मान्य नव्हते. गाडी विकून दोन वर्षे झाली असली तरी जबाबदारी पहिल्या मालकावर आली. गाडी देताना रक्कम मोजून घेण्याइतकेच, ती दुसऱ्याच्या नावावर चढली का हे पाहणे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे, हे त्या निकालानंतर वकील आवर्जून सांगू लागले.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. कलिना, कुर्ला, साकीनाका, कल्याण, बदलापूर, सगळीकडे गाड्या छपरापर्यंत बुडाल्या. या एका पावसाने जुन्या गाड्यांच्या तपासणीत कायमचा एक नवा प्रश्न आणला. मग २०१५ चा चेन्नईचा पूर आला, २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा आला, आणि तो प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहिला. बुडालेली गाडी वाळवून, धुऊन, सीट कव्हर बदलून दूरच्या शहरात विकायला येते. रंग उत्तम, पत्रा सरळ, चुंबक सगळीकडे चिकटते. जाणकार मग सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहतो, कारण गुंडाळून आत राहणाऱ्या पट्ट्यावर चिखलाची रेघ उरते. स्टेपनीच्या खड्ड्यात आणि गालिच्याखालच्या फोममध्ये बारीक गाळ शोधतो. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचे कनेक्टर बाहेर काढतो. तांब्यावर हिरवट थर असेल तर पाणी तिथवर पोहोचले होते.

पुरातल्या आणि मोठ्या अपघातातल्या गाड्यांबाबत आणखी एक धोका आहे. दुरुस्तीचा खर्च विमा ठरवताना धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, मालकाला भरपाई देते आणि सांगाडा लिलावात जातो. कलम ५५ नुसार निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द व्हायला हवी. पण आरसी जिवंत राहिली तर सांगाड्यापेक्षा त्या कागदालाच जास्त किंमत येते. त्याच मॉडेलची, त्याच रंगाची चोरीची गाडी मिळवायची, तिचा चासी नंबर घासून टोटल लॉस गाडीचा नंबर ठोकायचा किंवा तेवढा पत्र्याचा तुकडाच कापून बसवायचा. कागद खरे, नोंदणी खरी, फक्त गाडी दुसरीच. चोरीच्या गाड्यांचे सुटे भाग करण्यासाठी बदनाम झालेला मेरठचा सोतीगंज बाजार पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पाडला, तेव्हा देशाचे लक्ष या धंद्याकडे गेले.

घासलेला नंबर वाचण्याचे शास्त्र मुंबईत कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी वापरतात. आकडा ठोकताना त्याच्या खालचा धातू दाबला जातो आणि वरचा थर घासून गेला तरी तो दाब खाली शिल्लक असतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्ल आणि तांब्याच्या क्षाराचे द्रावण लावले की दाबला गेलेला धातू वेगळ्या वेगाने झिजतो आणि जुना आकडा काही क्षण दिसतो. साध्या खरेदीदाराला एवढे करता येत नाही. पण नंबराभोवतीचा रंग आजूबाजूच्या पत्र्याशी जुळतो का, आकडे एका ओळीत आणि सारख्या खोलीचे आहेत का, चौकोनी वेल्डिंगची कड बोटाला लागते का, एवढे कुणालाही पाहता येते. काचांवरच्या कोपऱ्यातले वर्षाचे आकडे एकमेकांशी आणि गाडीच्या वर्षाशी जुळत नसतील तर एखादी काच नंतर बदललेली आहे. सगळ्याच बदललेल्या असतील तर प्रश्न विचारायलाच हवा.

किलोमीटरच्या मीटरशी खेळणे हा सगळ्या देशांतला जुना रोग. अमेरिकेने १९७२ मध्ये केंद्रीय कायदा करून मीटर मागे फिरवणे गुन्हा ठरवला. १९८४ मध्ये मिझुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात एका संगणकतज्ज्ञाने याच फसवणुकीला आळा घालण्यासाठी गाड्यांच्या तपासणीच्या दहा हजार नोंदी गोळा केल्या. त्यातून कारफॅक्स ही कंपनी उभी राहिली. सुरुवातीला तिचे अहवाल विक्रेत्यांना फॅक्सने जात. गाडी घेणाऱ्याच्या प्रश्नातून सुरू झालेली ही नोंदवही होती. बेल्जियमने २००६ मध्ये कार-पास सक्तीचा केला. गॅरेजने प्रत्येक कामाच्या वेळी किलोमीटर नोंदवायचे आणि तो दाखला दिल्याशिवाय जुनी गाडी विकायची नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या वार्षिक तपासणीतले किलोमीटर, तिथले मैल, नंबर टाकून कुणालाही फुकट पाहता येतात. भारतात मीटर डिजिटल झाले तेव्हा आकडे फिरवायला पेचकस लागेनासा झाला, लॅपटॉप आणि एक केबल पुरली. फसवणुकीचे सर्वसाधारण कलम लावता येते, पण त्यासाठी आधी किती किलोमीटर होते हे दाखवणारा कागद तर हवा.

भारताने या काळात नोंदणीची बाजू भक्कम केली, हेही खरे. राष्ट्रीय सूचना केंद्राने बनवलेल्या वाहन प्रणालीत देशभरची कार्यालये जोडली गेली, २०१७ मध्ये एमपरिवहन अॅप आले आणि २०१९ च्या दुरुस्तीने कलम ६२ब खाली राष्ट्रीय नोंदवहीला कायद्यात जागा मिळाली. आज नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि पीयूसीची मुदत, बोजा कोणाचा आणि गाडी काळ्या यादीत आहे का, एवढे दिसते. चलने थकली असतील तर तीही पाहता येतात. गाडी चोरीची आहे का, हे तपासण्याची सोय राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे आहे. मालकाचे नाव मात्र अर्धवट झाकलेले असते आणि त्यालाही कारण आहे. वाहन नोंदींची माहिती खासगी कंपन्यांना घाऊक विकण्याचे केंद्राचे २०१९ चे धोरण मालकांच्या खासगीपणाच्या चिंतेमुळे जून २०२० मध्ये मागे घ्यावे लागले. गाडीचा इतिहास आणि माणसाचा इतिहास वेगळा काढणे सोपे नाही.

जाणते खरेदीदार म्हणून उपलब्ध कागदांतूनच उत्तरे शोधतात. विमा पॉलिसीवरचा नो क्लेम बोनस हा त्यातला बोलका आकडा. दाव्याविना गेलेल्या पहिल्या वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. सहा वर्षांच्या गाडीवर बोनस शून्य असेल तर बहुधा नुकताच दावा झाला आहे. ५० असेल तर चांगली खूण, पण बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, म्हणून तो जुन्या गाडीवरून आणलेला नाही ना, हे विचारावे लागते. कंपनीच्या वर्कशॉपमधून सर्व्हिसचा इतिहास मागवला की प्रत्येक भेटीचे किलोमीटर मिळतात आणि मीटर मागे गेला असेल तर तिथे पकडला जातो. गाडी आधी टुरिस्ट परवान्यावर होती का, की गोव्यात काळ्या पाटीवर पिवळ्या आकड्यांनी भाड्याने फिरत होती, हे आरसीच्या जुन्या नोंदीत सापडते. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने बंदी घातल्यावर तिथल्या आठ-नऊ वर्षांच्या गाड्या फॉर्म २८ ची एनओसी घेऊन इतर राज्यांत निघाल्या. त्या स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्रात नावावर करताना इथला रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो.

व्यवहार झाल्यावरही घेणाऱ्याची एक मुदत चालू होते. तृतीय पक्ष विमा गाडीबरोबर जातो, पण कलम १५७ प्रमाणे १४ दिवसांत विमा कंपनीला कळवावे लागते. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. नावावर न झालेली गाडी ठोकली तर खिसा स्वतःचाच रिकामा होतो.

दलालाच्या लॉटमध्ये बेनामी उभ्या असलेल्या गाड्यांचा प्रश्न केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये नियमात आणला. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने अधिकृत नोंदणी करून घ्यायची. मालकाने गाडी ताब्यात दिली की तसे कार्यालयाला ऑनलाइन कळवायचे. तिथून ती विकली जाईपर्यंत विक्रेताच मालक मानला जाईल. आरसीवरच्या मालकांची संख्या न वाढवता जबाबदारी कोणाची हे ठरले. कोऱ्या सह्यांच्या फॉर्मची मुळात गरजच का होती, याचे हे पहिले सरळ उत्तर आहे.

उरलेले काम घेणाऱ्याच्या बाजूचे आहे आणि त्याची सामग्री देशात जमलेली आहे. विम्याच्या दाव्यांची माहिती विमा क्षेत्राच्या माहिती केंद्राकडे जाते. किलोमीटर कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येक सर्व्हिसला लिहिले जातात. नोंदणी वाहन प्रणालीत आहे. बँकेचा बोजा जसा आज कुणालाही फुकट दिसतो, तसेच गाडी टोटल लॉस ठरल्याची तारीख आणि शेवटचे नोंदलेले किलोमीटर दिसू लागावेत. त्यासाठी मालकाचे नाव उघड करण्याची गरज नाही. राष्ट्रीय नोंदवहीत दोन रकाने वाढवावे लागतील आणि ते भरण्याची सक्ती विमा कंपन्यांवर व गॅरेजवर करावी लागेल.